साडेतीनचा गजर

आठ वाजता पाण्याचा वाडगा उचलायचा,
अकराला शेवटची फेरी,
मग गजर साडेतीनचा.
एवढंच, म्हणाली पिल्लू देणारी बाई,
महिन्याभरात रात्र काढेल बघ.

कुठली रात्र, ते तिनं सांगितलं नाही.
आमच्या वार्दोत नोव्हेंबरात सूर्य जातो
तो जानेवारी सरत आल्याशिवाय तोंड दाखवत नाही.
साडेतीन, ते पहाटेचे की दुपारचे
खिडकीला विचारून उपयोग नाही,
घड्याळाच्या शब्दावर चालायचं.

नाव बाबांनी ठेवलं, लोड्डे.
थव्यानं किनाऱ्याशी येणाऱ्या
बोटभर लांब, चंदेरी माशाचं.
हा तर काळा, आणि एकटा.
पण बाबांनी चाळीस वर्षं होडी हाकली,
नावं ठेवायचा हक्क त्यांचाच.

पहिल्या आठवड्यात
सात रात्री, अकरा तळी.
एक माझ्या लोकरी मोज्यात,
जिथे ते मावलंच कसं, देव जाणे.
रागवायचं नाही, नाक घासायचं नाही,
ती जुन्या लोकांची रीत.
मी गुडघ्यांवर बसायचे,
व्हिनेगरचं फडकं फिरवायचे
आणि म्हणायचे, असू दे रे, होतं असं.

दाराच्या फटीतून कुणी ऐकत होतं
हे मला पुढे कळलं.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार.
बाबांची चादर ओली, गादीपर्यंत.
पिल्लानं केलं, म्हणाले बाबा
भिंतीकडे बघत,
रात्री चढलं असेल वर.

लोड्डे खोक्यात होता.
खोक्याला कडी होती,
कडी मी लावली होती,
आणि त्याला उंबरा ओलांडायलासुद्धा
अजून दोन प्रयत्न लागतात.
त्यानं मान वाकडी करून सगळं ऐकलं,
आळ अंगावर घेतला,
शेपटी हलवली.

असू दे, म्हटलं मी, होतं असं.
त्याच आवाजात.
तो आवाज सांभाळताना
चादरीचं एक टोक हातातून दोनदा सुटलं.

त्या संध्याकाळी आठ वाजता
वाडग्याबरोबर मी कॉफीची किटलीही उचलली.
बाबांनी माझ्याकडे बघितलं,
वादळात सुकाणू धरलेल्या पोराकडे बघावं तसं,
आणि काही बोलले नाहीत.

साडेतीनला त्यांच्या दारावर टकटक केली.
बाबा, याला बाहेर न्यायचंय,
बर्फात मी घसरते, जरा येता का?
सेहेचाळीस हिवाळ्यांत मी एकदाही घसरलेली नाही.
आलोच, आतून आवाज,
मग बराच वेळ न्हाणीघरातल्या नळाचा आवाज,
मग बूट.

परसात तिघं.
वारा थेट समुद्रावरून, मीठ घेऊन.
कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात
लोड्डे गोल गोल फिरतो,
जागा निवडतो, नाकारतो,
पुन्हा पहिल्याच जागी येतो.
बर्फात एक पिवळं भोक, त्यातून वाफ.
शाब्बास, मी म्हणते,
आणि बाबा कानटोपी सावरतात,
जणू शाबासकी नेमकी कुणाला
हे अजून ठरायचं आहे.

आता फेब्रुवारी.
दुपारी तासन्‌तास उजेड असतो,
चादरी बाहेर वाळत घालता येतात,
काठासारख्या कडक होऊन परत येतात.
लोड्डे अकरा ते सात झोपतो,
एक थेंब नाही.
बाईला फोन करून सांगायला हवं होतं,
सांगितलं नाही.

कारण साडेतीनला गजर होतोच.
आता त्यालाच हलवून उठवावं लागतं.
तो जांभई देतो,
एकदा माझ्याकडे, एकदा बाबांच्या दाराकडे बघतो,
आणि मुकाट्यानं उंबऱ्याशी जाऊन
गरज असल्यासारखा उभा राहतो.

अजून शिकला नाही हा,
बाबा म्हणतात, बूट चढवत.
लागतो काहींना वेळ, मी म्हणते,
आणि दार उघडते.
वारा आधी आत येतो.